जेंबेची पुडी बदलताना

गावाच्या पटांगणात जेंबेला, म्हणजे हाताने वाजवायच्या पेल्याच्या आकाराच्या ढोलाला, डुनडुनबा, सांगबान आणि केनकेनी या काठीने वाजणाऱ्या तीन ढोलांच्या वर ऐकू जायचं असतं. माली आणि गिनीतल्या मांदे लोकांचं हे वाद्य. खोड कोरायचं काम परंपरेने नुमूंचं, म्हणजे लोहारांचं. वाजवणं मात्र एकाच जातीकडे राखलेलं नाही. ग्रिओ या पिढीजात गायक-कथाकार घराण्यांची वाद्यं म्हणजे बालाफोन, कोरा आणि न्गोनी. पिकाच्या कामावर वाजणारा कासा हा ताल, सुंतेच्या सोहळ्यातला सोली, दोन्हींत एकल जेंबे नाचणाऱ्याच्या पावलांबरोबर चालतो. म्हणून त्याची पुडी, म्हणजे तोंडावर ताणलेलं कातडं, कडक लागते. साथीच्या जेंबेची थोडी सैल चालते.

30 सेमी तोंडाच्या जेंबेला सुमारे 55 सेमी रुंद, न पांढरं केलेलं, केसांसकट शेळीचं कातडं घ्या. 6 मिमी लोखंडी सळईची तीन कडी लागतात. त्यातली वरची दोन सारखी, खोडाच्या तोंडापेक्षा जेमतेम 5 मिमी मोठी, आणि तिसरं कमरेत बसणारं. शिवाय 4-5 मिमीची न ताणणारी पॉलिएस्टर दोरी: उभ्या ओढींना 25 मीटर, कड्यांभोवती घालायच्या फासांना वेगळी 10 मीटर.

आधी खोडाच्या तोंडाचा काठ बघा. तो धारदार असेल तर कातडं तिथेच चिरेल आणि स्लॅप, म्हणजे काठाजवळचा तीव्र फटका, मारणाऱ्या बोटांनाही लागेल. कानशीने गोलाई द्या. मग खोड सपाट फरशीवर उलटं ठेवा. आतून दिव्याचा उजेड काठाखालून दिसला तर काठ समपातळीत नाही.

कातडं थंड पाण्यात रात्रभर भिजवा. घाईने गरम पाणी वापरलंत तर ते आकसून रबरासारखं होतं, मग फेकूनच द्यावं लागतं. कण्याची रेघ तोंडाच्या बरोबर मध्यातून जाईल असं पसरा. त्यावर पहिलं कडं बसवा, कातड्याच्या कडा त्यावरून वर दुमडा आणि बाहेरून फासांचं कडं चढवा. फास साधारण 28, खालच्या कड्यावरही तितकेच. उभी दोरी ओवून हाताने ओढा. ओलेपणी कडं काठाच्या 2 सेमी खाली आलं की थांबा. ते सगळीकडून सारखंच खाली हवं. एका बाजूला कललेलं कडं वाळल्यावर सरळ होत नाही, आणि बहुतेक बिघडलेल्या पुड्यांचं मूळ इथेच असतं.

सावलीत पाच-सहा दिवस वाळू द्या. उन्हात वरचा थर आधी कडक होतो आणि कडेला भेगा जातात. पूर्ण वाळल्यावर केस रेझरने काढा, पातं अगदी आडवं धरून. एक ओरखडा पुढे फाटायला पुरतो.

आता खरी ओढ. काठीला दोरी गुंडाळून, पाय खोडाला टेकवून, एकेक उभी दोरी ओढत दोन-तीन फेऱ्या घ्या. फेऱ्यांमध्ये एक दिवस जाऊ द्या. कडं 4-5 सेमी खाली यायला हवं, नाहीतर तळहात लोखंडावर आपटेल.

शेवटी फुल्या. उरलेली दोरी दोन उभ्या दोऱ्यांखालून न्या, परत फिरवून दुसरीवरून आणि पहिलीखालून काढा, आणि पुढच्या दिशेने ओढा. दोन्ही दोऱ्या एकमेकींना ओलांडून फुली पडते. प्रत्येक फुलीनंतर काठाजवळ बोटाने टिचकी मारून ऐका. पहिली रांग अर्धी झाली तरी स्लॅप टोनपासून, म्हणजे गोल, भरीव आवाजापासून, वेगळा वाजत नसेल तर उभ्या दोऱ्या सैल आहेत. फुल्या वाढवून ते झाकलं जात नाही. त्या सोडा आणि उभ्या दोऱ्या पुन्हा ओढा. उलट फुली घालताना दोरी कुरकुरू लागली तर तिथेच थांबा, कारण त्यापुढे दोरी तुटते किंवा कातडं.