पहिले डुक्कर दगावले तर: लहान वराहपालनात आफ्रिकन स्वाइन फीवर कसा रोखावा

आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू माणसाला बाधत नाही, मात्र डुकरांमध्ये या रोगाचा तीव्र प्रकार आला की जवळजवळ सगळा कळप दगावतो. त्यावर उपचार नाही. व्हिएतनामने २०२३ मध्ये लशींच्या व्यापारी वापराला परवानगी दिली असली, तरी बहुतेक देशांतील पशुपालकांना लस अजून मिळत नाही. क्लासिकल स्वाइन फीवरची लस टोचलेली असेल, तर तिच्यावरही विसंबू नये, कारण दोन्ही रोगांची लक्षणे सारखी दिसत असली तरी विषाणू पूर्णपणे वेगळे आहेत आणि ही लस येथे संरक्षण देत नाही.

या रोगाची एक गोष्ट प्रत्येक वराहपालकाने नीट समजून घ्यावी. विषाणू सर्वांत जास्त रक्तात असतो आणि सुरुवातीला तो कळपात सावकाश पसरतो. एक डुक्कर खाणे सोडते, त्याला ४०.५ ते ४२ अंश सेल्सियस ताप चढतो, कानांवर व पोटावर लालसर-निळे डाग उमटतात, आणि काही दिवसांत ते मरते. काही वेळा तर कोणतेही लक्षण न दिसता मरते. बाकीची मात्र अनेक दिवस धडधाकट दिसतात, कारण लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत ४ ते १९ दिवस जाऊ शकतात. नेमक्या याच दिवसांत घाबरलेला पालक उरलेली जनावरे घाईने विकतो किंवा आजारी डुक्कर कापून मांस वाटतो, आणि रोग आसपासच्या सगळ्या वाड्यांत पोहोचतो. त्या पालकाची आर्थिक ओढाताण खरी आहे, तरीही ही विक्री थांबवण्याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून संशयास्पद मृत्यू झाला की त्याच क्षणी जनावरांची ये-जा बंद करावी आणि सरकारी पशुवैद्यकांना कळवावे. मेलेले डुक्कर कापू नये, पोट उघडून पाहू नये, नदी-नाल्यात टाकू नये. नमुने पशुवैद्यकच घेतील, कारण प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय निदान पक्के होत नाही. एकाच सुईने सगळ्या डुकरांना इंजेक्शन देण्याची पद्धत या काळात घातक ठरते, कारण सुईला लागलेले थोडेसे रक्तही पुढच्या जनावराला पुरते.

रोग येण्यापूर्वीची खरी लढाई खाद्याची आहे. हॉटेले आणि खानावळींचे खरकटे स्वस्त पडते, पण त्यात डुकराच्या मांसाचा तुकडा असला की विषाणू थेट गव्हाणीत येतो. गोठवलेल्या, खारवलेल्या किंवा वाळवलेल्या मांसात तो महिनोन्महिने टिकतो. २००७ मध्ये हा रोग काळ्या समुद्राकाठच्या जॉर्जिया या देशात पोहोचला, तो बहुधा जहाजांवरील खरकट्यामुळेच. खरकटे न देणेच उत्तम, आणि अनेक देशांत त्यावर कायद्याने बंदीही आहे. जेथे परवानगी आहे आणि दुसरा पर्याय नाही, तेथे ते किमान ९० अंशांवर पूर्ण ६० मिनिटे सतत ढवळत शिजवावे. नुसती एक उकळी पुरेशी नाही. कच्चे खरकटे ठेवण्याची आणि शिजवलेले काढण्याची भांडी वेगळी असावीत, नाहीतर शिजवण्याचा उपयोग उरत नाही.

व्यापारी, खाटीक आणि शेजारचे पालक यांना शेडमध्ये येऊ देऊ नये. व्यवहार कुंपणाबाहेर करावा. शेडसाठी वेगळी गमबुटांची जोडी ठेवावी. जंतुनाशकापूर्वी शेण, माती व रक्त साबणाच्या पाण्याने घासून काढणे आवश्यक आहे, कारण घाणीवर ओतलेले जंतुनाशक वाया जाते. पैदाशीसाठी नर गावभर फिरवण्याची प्रथा रोगाच्या काळात पूर्ण बंद ठेवावी. डुकरे मोकाट सोडू नयेत, आणि नवीन आणलेले जनावर किमान तीन-चार आठवडे वेगळे बांधावे.

रोगाचे निदान झालेच, तर बाधित कळप नष्ट करण्याचा निर्णय प्रशासन घेते. मृतदेह शक्यतो शेडजवळच, विहीर व ओढ्यापासून दूर, इतक्या खोल पुरावेत की कुत्री किंवा रानडुकरे ते उकरू शकणार नाहीत. भरपाईची तरतूद असेल तेथे पंचनामा होण्यापूर्वी काहीही पुरू नये. त्यानंतर शेड धुऊन, निर्जंतुक करून किमान ४० दिवस रिकामी ठेवावी. मग आधी मोजकीच डुकरे आणून सहा आठवडे रोज त्यांचे खाणे व ताप पाहावा, आणि ती निरोगी राहिली व पशुवैद्यकांनी संमती दिली तरच उरलेली जनावरे भरावीत.