जप्तीचं वॉरंट आलं तर: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांसाठी

दारात पोलीस आले की आधी वॉरंट मागून घ्या. न्यायालयाचा शिक्का, सही, झडतीची जागा आणि शोधायची वस्तू एवढं बघा. काही प्रसंगी वॉरंटशिवायही जप्ती कायदेशीर असते, म्हणून वाट अडवू नका. हरकत लेखी द्या.

खरी चूक होते ती महजरावर. आपण ज्याला पंचनामा म्हणतो तोच हा, पण कन्नडमध्ये. वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. ‘सोन्याचे दागिने’ एवढंच नको. ‘दोन पाटल्या, एक मोहनमाळ’ आणि प्रत्येकाचं वजन हवं. पुढे अदलाबदल झाली तर हाच कागद तुमच्या बाजूने बोलतो. परिसरातले किमान दोन स्वतंत्र साक्षीदार, झडतीचं चित्रीकरण आणि यादीची प्रत हे तुमचे हक्क आहेत.

मालमत्ता गुन्ह्यातून आली असा संशय असेल तर पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 107 खाली न्यायालयात जातात, तेही अधीक्षक किंवा आयुक्तांच्या मंजुरीने. न्यायालयाच्या नोटिशीला उत्तर द्यायला 14 दिवस मिळतात. गप्प राहिलात तर एकतर्फी आदेश होऊ शकतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी वकील गाठा. मालमत्ता कुठून आली हे दाखवायला ऊसबिलं, पासबुक, पहाणी उतारा (सातबाऱ्यासारखा जमिनीचा कागद), सोनाराची पावती जमवा. कागदांवर नाव वेगवेगळं असेल तर प्रतिज्ञापत्र जोडा.

गाडी जप्तीत अडकली असेल तर याच संहितेच्या कलम 497 किंवा 503 खाली तात्पुरत्या ताब्याचा अर्ज करता येतो. सोबत आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) आणि विमा लागतो.