दोन एक्के आले की लपवू नका

आमच्या घरी दिवाळीत तीनपत्ती रंगते. ट्रेल (एकाच नंबरचे तीन पत्ते) आली तरी चेहरा कोरा ठेवून हळूहळू चाल करायची, हे मी लहानपणी शिकले. तीच सवय घेऊन पणजीला मांडवीतल्या बोटीवर नो-लिमिट होल्डेमची, म्हणजे कितीही रक्कम लावता येणाऱ्या पोकरची, पहिली स्पर्धा खेळायला बसले. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांना सक्तीने भरावी लागणारी रक्कम, स्मॉल आणि बिग) १००-२०० असताना हातात दोन एक्के आले. सगळे पळतील या भीतीने मी नुसते २०० टाकले. मागून दोघे आले, स्मॉल ब्लाइंडने उरलेले भरले, बिग ब्लाइंडला तर फुकटात फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते, बघायला मिळाला: नव्वी, सत्ती, चौकी. त्याच्याकडे सत्ती-चौकी होती. माझ्या सगळ्या चिप्स त्या डावात गेल्या.

तीनपत्तीत हातातले तीन पत्ते हेच अंतिम असतात, म्हणून लपवणं जमतं. होल्डेममध्ये हातात दोनच पत्ते असतात, आणि टेबलावर सगळ्यांसाठी सामाईक असे अजून पाच पत्ते उघडतात. कोणतेही पत्ते घेतलेल्या एकासमोर दोन एक्के शंभरात ८५ वेळा जिंकतात, चौघांसमोर जेमतेम ५६ वेळा. म्हणून रेज कराच, म्हणजे रक्कम वाढवाच. १००-२०० ला मी ५०० करते. आधी कोणी नुसता कॉल करून (आहे तेवढीच रक्कम भरून) आत आला असेल, तर प्रत्येकामागे २०० जास्त. कोणी आधीच ५०० केले असतील, तर मी १५०० करते. फ्लॉपनंतर मला त्याच्या आधी बोलायची पाळी येणार असेल, म्हणजे मी ब्लाइंडवर असेन, तर २०००. एक्क्यांना एक रक्कम आणि गुलामांना दुसरी, असं मात्र करू नका. समोरचे तासाभरात ओळखतात.

एक्का-राजाबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ही जोडी नाही. फ्लॉपवर एक्का किंवा राजा साधारण तीनातून एकदाच पडतो, आणि दोन राण्यांसमोर एक्का-राजा शंभरात ४३ वेळा जिंकतो. मग ताकद कशात? तुमच्याकडे एक एक्का आणि एक राजा असला, की समोरच्याकडे दोन एक्के असण्याचे ६ प्रकार घटून ३ उरतात. दोन राजांचंही तसंच. त्यामुळे समोरचा पत्ते टाकण्याची शक्यता वाढते, आणि आपण होऊन ऑल-इन करायला (सगळ्या चिप्स लावायला) हा हात उत्तम. दुसऱ्याचा मोठा ऑल-इन कॉल करायला तितका नाही.

गुलामांच्या जोडीवर शंभरातल्या ५७ फ्लॉपवर गुलामाहून मोठा पत्ता येतो. एकच जण समोर असेल तर एक छोटी बेट लावून बघा. उलट रेज आला, तर सोडा.

सुरुवातीला बिग ब्लाइंडच्या शंभरपट चिप्स असताना फक्त एका जोडीवर सगळं लावायची घाई करू नका. बारापटच उरल्या असतील, तर राण्या, राजे, एक्के किंवा एक्का-राजा आल्यावर विचार कसला करायचा? सरळ ऑल-इन.

बक्षिसं सुरू व्हायला दोन-तीन जण बाद व्हायचे उरले की हिशोब बदलतो. टेबलावर कोणाकोणाकडे एक-दोनच ब्लाइंडपुरत्या चिप्स उरल्यात, म्हणजे ते लवकर बाद होतील, तुमच्याकडे मध्यम चिप्स आहेत आणि तुमच्याहून मोठा खेळाडू ऑल-इन करतो. अशा वेळी मी गुलाम सोडते, एक्का-राजाही सोडते. राण्या हातात असतील, तर तो किती वेळा असं करतोय, हे आठवून ठरवते. एक्के मात्र तिथेही सोडत नाही.