"शेअर वर गेला, मग माझे पैसे कुठे गेले?" : ऑप्शनला हात लावण्याआधी

अमळनेरात मी गेली अठरा वर्षं आयकराची रिटर्न भरून देते. पूर्वी जुलैत माझ्या टेबलावर शिक्षकांचे फॉर्म १६ आणि दुकानदारांच्या वह्या असायच्या. आता चोपडा-यावलकडच्या केळीवाल्यांची पोरं मोबाइलवर एफ अँड ओचं (फ्यूचर्स आणि ऑप्शनच्या सौद्यांचं) स्टेटमेंट घेऊन येतात. गेल्या वर्षी असाच एक जण आला. बी.एस्सी. झालेला, वडिलांच्या केळीचे पैसे लावलेले. म्हणाला, "ताई, शेअर ते वर गया, मंग मना पैसा कथा ग्यात?"

त्याच्या प्रश्नाचं उत्तर आधी नीट समजून घ्या, मग ॲप उघडा.

जमिनीच्या सौद्यात आपण इसार देतो. सौदा पुरा झाला तर तो किमतीतून वजा होतो. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क, आणि प्रीमियम म्हणजे त्या हक्काची किंमत. हा प्रीमियम मात्र वजा होत नाही. तो ज्याने ऑप्शन विकला त्याचा झाला. समजा, शेअर ५०० रुपयांवर आहे. तुम्ही महिनाभराच्या मुदतीचा ५२० चा कॉल, म्हणजे ५२० ने शेअर घेण्याचा हक्क, शेअरमागे ८ रुपये प्रीमियमने घेतला. एका सौद्यात ठरावीक शेअर असतात, त्याला लॉट म्हणतात. इथे लॉट १००० चा, म्हणजे ८००० रुपये गेले. त्या पोराला वाटायचं, ५२० ओलांडलं की फायदा. नाही. ५२८ ओलांडलं तर फायदा, आणि खर्च त्यावर वेगळा. एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपते त्या दिवशी, शेअर ५१५ वर बंद झाला, तर तो महिन्यात तीन टक्के वाढला आणि तुमचे ८००० पूर्ण बुडाले. त्याच पैशांत कुणी १६ शेअर घेतले असते, तर त्याचे २४० रुपये वाढले असते आणि शेअरही हातात राहिले असते.

प्रीमियमचं कापलेल्या घडासारखं आहे. भाव हलला नाही तरी रोज थोडा उतरतो, शेवटच्या आठवड्यात भराभर.

आमच्या गावात हे सांगायला लांबचं उदाहरण लागत नाही. १९४५ साली इथे वनस्पती तेलाचा कारखाना निघाला, पुढे त्याचीच विप्रो झाली. ज्या घरांनी ते शेअर कपाटात ठेवले, त्यांना पडत्या भावातही थांबता आलं, कारण शेअरला मुदत नसते. ऑप्शनमध्ये तुमचा अंदाज दोन महिने उशिरा खरा ठरला, तर तो खोटाच.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एक वही करायला लावते. एकच कंपनी निवडा. तारीख, शेअरचा भाव, स्ट्राइक (हक्काचा ठरलेला भाव, वरच्या उदाहरणात ५२०), प्रीमियम, लॉट आणि कितीला आपले पैसे सुटतात तो आकडा लिहा. पैसे लावू नका. रोज संध्याकाळी प्रीमियम टिपा, आणि घेणाऱ्याचा भाव व विकणाऱ्याचा भाव यांतला फरकही टिपा. कमी उलाढालीच्या स्ट्राइकला तो फरकच तुमचा नफा खातो. असे निदान तीन महिने करा. सोबत खर्चाचा रकाना हवाच. त्या पोराच्या ३४० ऑर्डर होत्या. ऑर्डरमागे २० रुपये म्हणजे ६८०० ब्रोकरेज, त्यावर जीएसटी धरून ८०२४. एसटीटी (शेअर बाजारातल्या सौद्यांवरचा कर) आणि बाकीचे आकार आणखी वेगळे. त्याने ही बेरीज कधी केलीच नव्हती. मी कॅल्क्युलेटर त्याच्याच हातात दिला.

दुसरी गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. कंपन्यांच्या शेअरवरच्या ऑप्शनचा निकाल रोखीत लागत नाही, शेअर घ्यावे-द्यावे लागतात. वरच्या उदाहरणात शेअर ५२५ वर बंद झाला आणि कॉल तुमच्याकडेच राहिला, तर १००० शेअर ५२० ने, म्हणजे ५ लाख २० हजारांना उचलावे लागतील. एनएसई या शेअर बाजारात ही मुदत महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी संपते. त्याच्या चार-पाच दिवस आधीच सौदा मोकळा करा.

ऑप्शन विकणं तर नवख्याचं कामच नाही. मिळणार फक्त प्रीमियम आणि उघडा कॉल, म्हणजे हातात शेअर नसताना कॉल, विकला तर तोट्याला वरची हद्दच नाही.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा हिशोब मांडला. २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात एफ अँड ओ करणाऱ्या १ कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. माझ्या टेबलावरचं चित्र याहून वेगळं नाही. माझं मत स्पष्ट आहे: पहिली दोन वर्षं शेअर किंवा इंडेक्स फंड (निर्देशांकातले शेअर घेणारा म्युच्युअल फंड) घ्या, ऑप्शन घेऊ नका. त्यानंतरही करायचंच असेल, तर वर्षाला किती बुडाले तरी चालतील तो आकडा आधी घरात सांगा. पीककर्जाचा, सोनेतारणाचा एक रुपयाही त्यात नको.

आणि तोटा झालाच असेल, तर तो घरापासून लपवू नका आणि रिटर्नमधूनही वगळू नका. एफ अँड ओ हा धंद्याचा हिशोब धरतात, त्याला रिटर्नचा आयटीआर-३ हा फॉर्म लागतो. मुदतीत भरलं, तर तो तोटा पुढची ८ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. त्या पोराचं रिटर्न आम्ही वेळेत भरलं. त्या संध्याकाळी वडिलांना सोबत घेऊन तो परत आला, आणि स्टेटमेंटचं एकेक पान आम्ही तिघांनी मिळून वाचलं.