साबण, तेल आणि उटणे : घरच्या घरी रंग-सुगंध मिसळताना

आंघोळीचा साबण, अंगाला लावायचे तेल आणि उटणे या तिन्हींत रंग व सुगंध घरच्या घरी मिसळता येतो; मात्र एकात जमलेले मिश्रण दुसऱ्यातही तसेच जमेल, असे गृहीत धरू नये. साबण अल्कधर्मी असतो, पाण्यात विरघळणारा रंग तेलात उतरत नाही आणि उटण्याला ओल मुळीच चालत नाही. म्हणून काय मिसळायचे याआधी कशात मिसळायचे, हे ठरवावे.

नवख्याने तयार ग्लिसरीन सोप बेसपासून, म्हणजे वितळवून साच्यात ओतायच्या तयार साबणापासून, सुरुवात करावी, म्हणजे कॉस्टिक सोडा हा साबण बनवायला लागणारा दाहक क्षार हाताळण्याचा प्रश्न येत नाही. ५०० ग्रॅम बेसचे लहान तुकडे करून स्टीलच्या भांड्यात घ्यावेत, ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवावे आणि मंद आचेवर तुकडे वितळू द्यावेत. बेसला उकळी मात्र येऊ देऊ नये, कारण त्यातले पाणी उडून गेले की साबण चिवट होतो. तुकडे जवळजवळ वितळले की आच बंद करून उरलेले त्याच उष्णतेवर विरघळू द्यावेत आणि चमचा हळू फिरवावा. जोरात घुसळल्यास बुडबुडे साबणात अडकून राहतात.

रंगाच्या बाबतीत सर्वाधिक फसवणूक हळद करते. हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती लाल होते, आणि कुंकू याच गुणावर तयार होत आले आहे. साबणातही सौम्य प्रमाणात तेच घडते : पिवळाधमक रंग हवा म्हणून घातलेली हळद नारिंगी-तपकिरीकडे झुकते आणि उजेडात पुढे फिकी पडते. रतनजोतीची तऱ्हा याहून मौजेची आहे. तिची मुळे कोमट खोबरेल तेलात भिजवली की तेल गडद लाल होते, पण तेच तेल चमचाभर साबणात घातले तर रंग जांभळट-निळसर दिसतो. बीटाचा रस साबणात काही दिवसांत मळकट तपकिरी होतो, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये. खाण्याचे रंग सुरुवातीला सुरेख दिसतात, परंतु दोन थरांचा साबण केला असेल तर एका थराचा रंग दुसऱ्यात पसरतो. टिकाऊ रंगासाठी सौंदर्यप्रसाधनांकरिता म्हणून विकली जाणारी मायका पावडर (अभ्रकाची चमकदार पूड) उत्तम. ५०० ग्रॅमला अर्धा चमचा पुरे. ती आधी थोड्या ग्लिसरीनमध्ये कालवून घ्यावी, नाहीतर गुठळ्या राहतात. साबणाचा फेस रंगीत येऊ लागला, तर रंग जास्त झाला असे समजावे. रेझिनच्या हस्तकलेसाठीची मायका, रांगोळीचे रंग आणि मेणबत्तीसाठीचे सुगंध कितीही स्वस्त मिळाले तरी अंगाला लागणाऱ्या वस्तूत घालू नयेत.

सुगंध थेंबांनी न मोजता काट्यावर वजन करून घ्यावा, कारण प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा असतो. ५०० ग्रॅम बेसला १० ग्रॅम, म्हणजे २ टक्के, पुरेसे होतात; बाटलीसोबतच्या पत्रकात याहून कमी मर्यादा दिली असेल, तर तीच पाळावी. संत्र्याच्या तेलाचा वास लवकर उडतो, तर वाळ्याचा जड वास मागे रेंगाळतो. म्हणून संत्रे ६ ग्रॅम, जिरेनियम ३ ग्रॅम आणि वाळा १ ग्रॅम हे मिश्रण आपल्या हवेत चांगले टिकते, असे माझे मत आहे. व्हॅनिलाच्या सुगंधाने साबण तपकिरी पडतो, त्यामुळे पांढऱ्या वा गुलाबी साबणात तो टाळावा. सुगंध घालताना बेस साधारण ५५ अंश सेल्सिअसला असावा. थर्मामीटर नसेल तर कडेला पातळ साय धरू लागली की घालावा आणि लगेच साच्यात ओतावे. वरचे बुडबुडे रबिंग अल्कोहोलच्या (औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या जंतुनाशक स्पिरिटच्या) फवाऱ्याने बसतात, पण तो फवारा पेटत्या गॅसजवळ कदापि मारू नये. साबण फ्रिजमध्ये न ठेवता बाहेरच थंड होऊ द्यावा. ग्लिसरीन हवेतली ओल ओढते, म्हणून मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात तर वडी साच्यातून काढल्याबरोबर क्लिंग फिल्ममध्ये (चिकटून बसणाऱ्या पातळ प्लास्टिकमध्ये) गुंडाळावी, नाहीतर तिला घाम फुटतो.

तेलाचे काम सोपे आहे, पण ते अंगावरच राहते, म्हणून सुगंधाचे प्रमाण निम्म्यावर आणावे : १०० मिलिलीटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलाला १ मिलिलीटर. सालीपासून दाबून काढलेले लिंबाचे तेल यात घालू नये, कारण ते लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी लाल होऊ शकते. रंगासाठी रतनजोत चालते, मात्र टॉवेलवर डाग पडतात.

उटण्यात वेगळा रंग घालूच नये. मुलतानी माती, आंबेहळद आणि गुलाबपाकळ्यांची पूड यांचा जो रंग येतो तो पुरे. नागरमोथा, वाळा आणि गव्हला कचोरा यांचा वास कमी वाटला, तर दोन चमचे पुडीत अत्तराचे काही थेंब बोटांनी चोळून मग ती पूड सगळ्यात मिसळावी, चाळावे आणि आठवडाभर घट्ट झाकणाच्या डब्यात मुरू द्यावे. थेट अत्तर ओतल्यास ते एकाच जागी गोळा होऊन बसते.

नैसर्गिक म्हणजे सौम्य, असे नसते. दालचिनी आणि लवंगेचे तेल त्वचेला चांगलेच झोंबते. तयार वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून २४ तास पाहावे, आणि तान्ह्या बाळाच्या तेलात सुगंध घालूच नये. घरात वापरण्यापुरते किंवा भेट देण्यापुरते हे सगळे ठीक आहे. विक्रीसाठी उत्पादन करायचे असेल, तर सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार परवाना लागतो आणि महाराष्ट्रात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज करावा लागतो.