गावच्या कबड्डीचे फोटो काढताय? आधी मागं काय आहे ते पाहा

शटर, ॲपर्चर, आयएसओ कळतं, दोन-चार लग्नं शूट केली आणि आता गावच्या टुर्नामेंटचे फोटो काढायचेत, अशा पोरांसाठी लिहितोय. बेसिक सांगत बसत नाही. एका गोष्टीनं मला दोन वर्षं रडवलं, तेवढीच सांगतो. खेळाडूच्या मागचं बॅकग्राउंड.

वर्धा जिल्ह्यातलं आर्वीकडचं एक गाव, फेब्रुवारीतली रात्र, ओपन कबड्डी. आमच्या तालुक्यातला एक पोट्टा रेडला गेला, पोलीस भरतीची तयारी करणारा, अंगानं बारीक पण लय चपळ. तिघांनी साखळी लावली अन् हा गडी सरळ त्यांच्या हातांवरून उडाला. मी साईडलाईनला गुडघ्यावर बसलेलो, बटन दाबलेलंच होतं. डोळे उघडे, तोंडात कबड्डी अर्धी, तळपायाला चिकटलेली माती सुद्धा दिसत होती. आणि डोक्यातून बरोबर मधोमध लाईटचा खांब वर निघालेला, कानाला लागून वाढदिवसाच्या पांढऱ्या फ्लेक्सवरचा एक चेहरा, खेळाडूच्या चेहऱ्याच्या दुप्पट मोठा. पोट्ट्यानं स्क्रीनवर पाहिलं, जरा वेळ बोललाच नाही, मग म्हणे, "भाऊ, भारी आला, पण हे मागचं खोडता येईन का?"

मी हो म्हणालो. रात्रभर बसून खांब खोडला, फ्लेक्स खोडला आणि तोच फोटो एका पेपरला पण पाठवला. खांबाची सावली जमिनीवर तशीच राहिली होती आणि डेस्कवरच्या माणसानं ती पकडली. बातमीच्या फोटोत काही खोडायचं नसतं, काही चिकटवायचं नसतं, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं, पण माहीत नव्हतं म्हणून सुटका होत नाही. पुढं कित्येक महिने तिथं माझा एकही फोटो लागला नाही. तुम्ही हे करू नका. घरी फ्रेम लावायला खोडा, छापायला देताना नाही.

आता खरा सापळा. मला वाटलं चूक लेन्सची आहे. कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सनं मागचं स्पष्ट येते, मग ५० एमएम एफ १.८ घे, मागचं सगळं धूसर, विषय संपला. उसनवारी करून लेन्स घेतली आणि पुढच्याच टुर्नामेंटला तीच गत. का? ब्लरनं आकार जातो, उजेड जात नाही. हे नीट समजून घ्या, कारण इथंच सगळे अडकतात. पांढरा फ्लेक्स धूसर केला की तो मोठा पांढरा डाग होतो, पांढराच राहतो. हॅलोजन धूसर केला की त्याचा थाळीएवढा चकचकीत गोळा होतो, म्हणजे आधीपेक्षा मोठा. आपला डोळा फोटोत सगळ्यात आधी उजेडाकडं जातो, मग तिथून खेळाडूकडं येतो, आणि तेवढ्यात फोटो मेला. त्यात लोकं जर खेळाडूच्या मागं दोन मीटरवरच उभे असतील तर एफ १.८ला पण ते ओळखू येतात. बॅकग्राउंड किती धूसर होईल हे नुसत्या ॲपर्चरवर नसते, तुम्ही खेळाडूच्या किती जवळ आणि खेळाडू मागच्या गोष्टीपासून किती लांब, याच्यावर पण तेवढंच असते.

मग मी मैदान मोजलं. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर. साईडलाईनला बसलं आणि रेडर मधोमध असला तर तो तुमच्यापासून पाच मीटर अन् त्याच्या मागची साईडलाईन पण पाच मीटर, आणि तिला लागून गर्दी. आता एंड लाईनच्या कोपऱ्यात बसा. मधल्या रेषेपासून बॉक लाईन, म्हणजे रेडरला ओलांडावी लागते ती रेषा, ३.७५ मीटरवर असते, रेडर तिथं आला की एंड लाईनपासून पावणेतीन मीटरवर असतो आणि त्याच्या मागं पलीकडच्या एंड लाईनपर्यंत दहा मीटर मोकळं. लेन्स तीच, ॲपर्चर तेच, फोटो दुसराच. वरून रेडरचा चेहरा समोरून मिळतो. एका बाजूनं एकाच टीमचे रेडर समोर येतात हे खरं, पण हाफटाईमला बाजू बदलतात, दुसऱ्या टीमचे तेव्हा मिळतील. घाई नका करू.

म्हणून म्हणतो, नवीन लेन्सच्या मागं लागू नका. तुमच्या किट झूमवर २५०ला एफ ५.६ मिळत असेल तर दिवसाच्या मॅचला ती ५० एफ १.८पेक्षा मागचं जास्त विरघळवते. लेन्सचं भोक जेवढं मोठं तेवढं मागचं जास्त धूसर, म्हणून भोकाचा व्यास काढा, २५० भागिले ५.६ म्हणजे ४४ एमएमच्या वर, आणि ५० भागिले १.८ म्हणजे २८च्या आतच. रात्री मात्र एफ ५.६ला उजेड पुरत नाही, तेव्हा १.८च पाहिजे.

रात्रीचं अन् दिवसाचं गणित उलटं आहे. रात्री खाली बसा, अगदी कॅमेरा मातीला टेकवून, म्हणजे उडी मारणाऱ्याच्या मागं काळं आभाळ येते. खांब तुमच्या फ्रेमच्या बाहेर राहील अशी जागा धरा. एक्सपोजर मॅन्युअल ठेवा, खेळाडूच्या चेहऱ्यावर सेट करा, उजेडाच्या बाहेरची गर्दी आपोआप काळोखात जाते. लाईट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळं १/१००० शटरवर एक फ्रेम पिवळी अन् एक काळपट आली तर घाबरू नका, कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. दिवसा खाली बसलात तर मागं पांढरंफटक आभाळ येणार, म्हणून दिवसा वर चढा, ट्रॅक्टरची ट्रॉली, शाळेची गच्ची, काहीही. वरून आपली काळी जमीनच बॅकग्राउंड होते, आणि तिच्यावर लाल-पिवळी जर्सी जशी उठते तसा स्टुडिओतला महागडा पडदा पण उठवत नाही.

मॅच सातला असली तरी मी चारला पोचतो. खांब गाडणारे, फ्लेक्स बांधणारे पोट्टे तेव्हाच भेटतात. त्यांना नीट सांगा, "भाऊ, हा फ्लेक्स एंड लाईनच्या मागं नको, स्टेजच्या बाजूला बांधा, तुमच्याच टीमचे फोटो चांगले येतील." दहातले सात ऐकतात. मोटरसायकली पण हलवतात. मॅच सुरू झाल्यावर सांगाल तर कोणी ढुंकून पाहत नाही.

उस्तादाबद्दल एक सांगतो, राग येईल कोणाला तर येऊ द्या. मी ज्यांच्याकडं बॅगा उचलल्या त्यांनी दोन वर्षांत मला त्यांचा एकही फसलेला फोटो दाखवला नाही. मी बिघडलेला फोटो दाखवला की एकच उत्तर, महाग लेन्स घे. जो माणूस स्वतःचे डिलीट केलेले फोटो दाखवतो अन् का डिलीट केले ते सांगतो त्याच्याकडं शिका. बॅकग्राउंड धूसर करणारे ॲप अन् प्रीसेट विकणाऱ्यांना पैसे देऊ नका, केसांच्या कडेला अन् बोटांच्या मधात ते पकडलं जातेच.

शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला, मात्र यातलं अर्धंच चालते. २०१४च्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ला सुप्रीम कोर्टाची परवानगी आली अन् आपल्याकडं पट पुन्हा सुरू झाले, पण तिथं गर्दी हटतच नाही, दोन्ही बाजूंनी भिंत असते माणसांची. तिथं पॅनिंग करा, शटर १/६० ते १/१००, पाय रोवून कमरेतून फिरायचं, जोडीसोबत. गर्दीच्या आडव्या रेघा होतात अन् जोडी हाकणारा धुरकरी तेवढा उठून दिसतो. मागं पांढरी गाडी उभी असली तर तिची जाड पांढरी रेघ येणारच, तेव्हा जागा आधीच पाहून ठेवा. शंभरात पाच-सहा जमतात, माझे आजही तेवढेच जमतात, हिरमुसू नका.

आणि शेवटच्या रेषेच्या समोर कधीच उभं राहू नका. जोडी रेषेवर थांबत नाही, पुढं बरंच धावते अन् कुठंही वळते, आणि डोळा कॅमेऱ्याला लावलेला असला की तुम्हाला फ्रेमच्या बाहेरचं काही दिसत नाही. खांद्यावर हात ठेवून ओढणारा एक माणूस सोबत न्या. माझ्यासोबत चुलतभाऊ असतो, त्याला फोटोतलं काही कळत नाही, पण बैल कोणत्या बाजूनं वळणार ते त्याला आधी कळते.