मिरवणुकीचा बेंजो पारखून घेताना
ठाण्यात गणेशोत्सवाच्या तोंडावर बेंजो, म्हणजे पट्ट्या दाबून वाजवायचे बुलबुल तरंगासारखे तारवाद्य, घेणाऱ्यांनी रंगरंगोटीपेक्षा पट्ट्या आधी तपासाव्यात. प्रत्येक पट्टी दाबून तार खालच्या पडद्यावर (सूर ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या कांबीवर) नेमकी टेकते का आणि सूर खरखर न होता टिकतो का, हे ऐकावे. सैल पट्टीचा खडखडाट पिकअपमधून (तारांची कंपने टिपून अॅम्प्लिफायरकडे पाठवणाऱ्या भागातून) थेट भोंग्यापर्यंत जातो आणि मग अॅम्प्लिफायर कितीही महाग असला तरी व्यर्थ. मोकळ्या तारेचा षड्ज आणि वरच्या सप्तकातला षड्ज जुळत नसतील, तर घोडी (तारा ज्यावर टेकलेल्या असतात तो आधार) सरकवून पाहावी. तरीही फरक राहिल्यास पडदेच चुकीच्या जागी बसलेले असण्याची शक्यता असते आणि असे वाद्य स्वस्तातही घेऊ नये. खाडीकाठच्या दमट हवेत पोलादी तारा लवकर गंजून सूर बोदा होतो, म्हणून तारांचा जादा संच त्याच किमतीत मागून घ्यावा.